परदेशात कंपनी काढून देणारे एजंट आणि आपले पालक : एक पाठ



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण तो वर्गात आणि पालकसभेत दोन्हीकडे घेता येईल. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला आपण चिटणिसाची कार्यपद्धती शिकवतो. कंपनीची नोंदणी, घटनापत्रक, नियमावली, नोंदणी प्रमाणपत्र हे सगळं मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुणही मिळवतात. आणि त्याच मुलाच्या मोबाइलवर 'दुबईत स्वतःची कंपनी काढा, मालक व्हा' अशी जाहिरात आली, की हे शिकलेलं तिथे लावायचं असतं हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्वी पालकांचा प्रश्न नोकरीचा असायचा. वेल्डर, ड्रायव्हर, प्लंबर म्हणून आखातात कोण नेतं, एजंट खरा का खोटा, एवढंच. आता प्रश्न बदललाय. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. कुणाकडे मिरची आहे, कुणाकडे हळद, कुणाचा मसाल्याचा घरगुती धंदा आहे. मुलगा पदवीधर आहे, इंग्रजी बऱ्यापैकी येतं. मग माल बाहेर विकायचा तर बाहेर कंपनीच काढू, असा विचार घरात सुरू होतो. विचार वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण एका पालकांनी विचारलेला प्रश्न असा होता : "सर, पोराचं दुबईचं लायसन होऊन राहिलं म्हणतात. दोन लाख भरले, आता अजून तीन मागून राहिले. भरू का?" कोणत्या खात्याची फी म्हणून मागतात, हे विचारलं तर त्यांना सांगता येईना. पावती नव्हती. भरलेले पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेले होते.

या पाठाचा गाभा त्या प्रश्नात आहे. पैसे कोणत्या खात्याचे, आणि निर्णय कोणाच्या हातात?

एजंट नेमकं काय विकतो?

जाहिराती नीट वाचल्या तर मजकूर साधारण सारखाच असतो. लायसन्स, व्हिसा, बँक खातं आणि शून्य कर, सगळं एका पॅकेजमध्ये, पंधरा दिवसांत, गॅरंटीसह. इथे थांबून मुलांना विचारा, की ही एक गोष्ट आहे का चार?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सातबारा तलाठ्याकडे, खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे, मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे आणि पीककर्ज बँकेकडे. तहसीलच्या आवारात कुणी भेटला आणि म्हणाला, "भाऊ, चारही कामं माझ्याकडं, मोजणीत बांध सरकवून देतो, कर्जही मंजूर समजा, गॅरंटी आपली," तर आपला शेतकरी त्याच्याकडे बघून हसेल. कारण त्याला चारही कचेऱ्यांच्या पायऱ्या माहीत आहेत. दुबईच्या कचेऱ्या त्याने पाहिलेल्या नसतात, म्हणून तीच थाप तिथली असली की खरी वाटते.

परदेशात कंपनी काढताना चार वेगळी दारं असतात. धंद्याचा परवाना एक जण देतो, राहण्याचा व्हिसा दुसरा, बँक खातं तिसरा आणि कराची नोंदणी चौथा. एजंट अर्ज भरून देऊ शकतो, कागद नीट लावून देऊ शकतो. त्याचे पैसे घेण्याचा त्याला हक्क आहे. पण दुसऱ्याच्या हातातल्या निर्णयाची गॅरंटी तो देत असेल तर तो खोटं बोलतोय. हे एक वाक्य मुलांच्या लक्षात राहिलं तरी पाठ झाला समजा.

जुलै २०२५ : तेवीस लाखांचा 'आजीवन' व्हिसा

हे उदाहरण तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं असेल. जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरातल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर बातमी झळकली : संयुक्त अरब अमिरातीचा गोल्डन व्हिसा आता भारतीयांना एक लाख दिरहममध्ये, म्हणजे सुमारे २३ लाख ३० हजार रुपयांत, आणि तोही आयुष्यभरासाठी. त्याआधी मालमत्तेच्या मार्गाने हा व्हिसा हवा असेल तर किमान वीस लाख दिरहमची मालमत्ता घ्यावी लागे, आणि मुदत दहा वर्षांची. म्हणजे रक्कम एकदम विसाव्या हिश्शावर आली आणि मुदत मात्र जन्मभराची झाली. एका खासगी सल्लागार कंपनीकडे अर्ज छाननीचं काम दिलंय, असंही बातमीत होतं.

दोन-तीन दिवसांतच अमिरातीच्या ज्या संस्थेच्या हातात हा व्हिसा आहे, त्या ओळख, नागरिकत्व, सीमाशुल्क व बंदर सुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं, की अशी काही योजनाच नाही. गोल्डन व्हिसाचे अर्ज देशातल्या अधिकृत सरकारी मार्गांनीच घेतले जातात आणि बाहेरच्या कोणत्याही सल्लागार संस्थेला अधिकृत मान्यता नाही. पुढे त्या कंपनीनेही माफी मागितली आणि ही सेवा बंद केल्याचं सांगितलं.

यात शिकण्यासारखं काय आहे? बातमी पेपरात आली, टीव्हीवर आली, शेजाऱ्याने ग्रुपवर टाकली, म्हणून ती खरी होत नाही. निर्णय ज्याच्या हातात आहे त्या खात्याच्या स्वतःच्या पानावर ती आहे का, एवढं एकच बघायचं होतं. दोन दिवस थांबलेल्याचं काही गेलं नाही. घाई करून आगाऊ रक्कम भरणारा मात्र अडकला असता. म्हणूनच 'ऑफर आज रात्रीपर्यंत' असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे मुद्दाम दोन दिवस थांबायचं.

तसं यात नवीन काही नाही. लंडनमध्ये १८२२ साली ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश माणसाने मध्य अमेरिकेत 'पोयाइस' नावाचा देश असल्याचं सांगून तिथल्या जमिनी विकल्या, त्या देशाच्या नावावर कर्जरोखे काढले, नोटासुद्धा छापल्या. दोन जहाजं भरून अडीचशेच्या आसपास माणसं तिकडे गेली. तिथे ना शहर होतं ना बंदर, नुसतं जंगल. त्यांतली निम्म्याहून अधिक ताप आणि उपासमारीने मेली. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगा, मुलं कान देऊन ऐकतात. नकाशा, नोटा आणि शिक्के असले की माणूस देशाच्या असण्यावरसुद्धा विश्वास ठेवतो.

चार दारं जरा जवळून

आपल्याकडची सगळ्यात जास्त मुलं दुबईचं नाव घेतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ.

पहिलं दार परवान्याचं. अमिराती सात आहेत आणि प्रत्येक अमिरातीचा परवाना तिचा स्वतःचा आर्थिक विकास विभाग देतो. त्याशिवाय चाळीसच्या वर मुक्त क्षेत्रं, म्हणजे फ्री झोन आहेत आणि त्यांची प्राधिकरणं वेगळी. जेबेल अलीचं मुक्त क्षेत्र १९८५ पासून चालू आहे. आता एवढ्या ठिकाणी परवाने मिळतात म्हटल्यावर स्वस्त-महाग असणारच, आणि गडबडीला जागाही तिथेच आहे. साधी फसवणूक म्हणजे संगणकावर बनवलेला खोटा परवाना. तो पकडणं सोपं आहे, कारण अमिरातीची राष्ट्रीय आर्थिक नोंदवही सगळ्यांना खुली आहे. कंपनीचं नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की नोंद दिसते, त्याला पैसे लागत नाहीत.

खरी अवघड फसवणूक वेगळी असते, आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवेन. परवाना खरा असतो, पण कामाचा नसतो. मुलाला मसाले आणून दुकानदारांना विकायचे आहेत. एजंट त्याला सगळ्यात स्वस्त असा सल्लासेवेचा परवाना काढून देतो. माल बंदरावर आला की कळतं, की आयात-व्यापार हा व्यवसाय परवान्यावर लिहिलेलाच नाही. मग 'दुरुस्तीची फी' सुरू होते. किंवा परवाना मुक्त क्षेत्राचा असतो. मुक्त क्षेत्रातल्या कंपनीला शहरातल्या बाजारात सरळ दुकान थाटता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी किंवा वेगळी रचना लागते. हे आधी कुणी सांगत नाही. याची पोलिसांत तक्रारही धड करता येत नाही, कारण कागद तर खरा आहे! म्हणून लायसन्स मिळेल का, हा प्रश्न अपुरा आहे. माझा अमुक माल, अमुक गिऱ्हाइकाला, अमुक ठिकाणी विकण्याचा व्यवसाय परवान्यावर नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिला जाईल, असं विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं.

आणि परवाना दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षाचा दर जाहिरातीत असतो, दुसऱ्या वर्षाचा नसतो. धंदा चालला नाही म्हणून मुलगा परत आला तरी कंपनी आपोआप मरत नाही. ती रीतसर बंद करावी लागते, नाहीतर दंड साचत राहतो. लग्न करताना जसा दोन्हीकडचा खर्च मांडतो, तसा इथे उघडण्याचा आणि बंद करण्याचा असा दोन्ही खर्च आधी मांडला पाहिजे.

दुसरं दार व्हिसाचं. त्याबद्दल जुलैच्या उदाहरणात आलंच. दुबईत निवास परवान्याचं काम तिथल्या निवास व परकीय नागरिक विभागाकडे आहे, इतर अमिरातींत वर सांगितलेल्या प्राधिकरणाकडे. एवढं मात्र घोकून घ्यायचं, की फिरायच्या व्हिसावर जाऊन काम करायचं नसतं. 'आधी या, मग बघू' म्हणणारा माणूस तुमच्या मुलाला बेकायदा ठरवूनच सुरुवात करतोय. आणि पासपोर्ट कुणाच्याही कपाटात ठेवायला द्यायचा नाही, मग तो गावचा, नात्यातला का असेना.

तिसरं दार बँकेचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठा सापळा इथेच असतो. मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात अमिरातीचं नाव आर्थिक कृती दल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत होतं. काळा पैसा अडवण्याची व्यवस्था कमी पडते, असा तिचा ठपका होता. तेव्हापासून तिथल्या बँका नव्या कंपन्यांना बारकाईने तपासतात. पैसा कुठून आला, माल कोणाकडून घेणार, कोणाला विकणार, करार दाखवा, असं सगळं विचारतात. नकारही देतात, आणि कारण सांगतीलच असं नाही. तेव्हा बँक खात्याची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. एजंट काय करतो? 'किमान शिल्लक' म्हणून लाख-दोन लाख आपल्या खात्यावर घेतो. किंवा खातं उघडतो, पण त्यावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातात. खातं मुलाच्या नावावर, चावी दुसऱ्याच्या खिशात. उद्या त्या खात्यातून भलताच पैसा फिरला तर पोलीस विचारणार तुमच्या मुलाला.

चौथं दार कराचं. 'दुबईत टॅक्स नाही' हे वाक्य जुनं झालं. मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे. जून २०२३ पासून कंपनी कर आला : ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. जुलै २०२५ च्या दराने ही मर्यादा साधारण ८७ लाख रुपयांवर जाते, म्हणजे लहान धंद्याला कर लागणार नाही असं वाटेल. खरंय, पण नोंदणी नफा नसला तरी करावी लागते आणि उशीर झाला तर दंड आहे १०,००० दिरहम. शिवाय मुलगा चिखलीत बसून लॅपटॉपवरून कंपनी चालवत असेल तर तो भारताचा रहिवासी आहे आणि त्याची जगभरची मिळकत इथल्या आयकर विवरणपत्रात येते.

५१ टक्क्यांची जुनी गोष्ट

विदर्भातल्या लोकांना दुबई म्हटलं की 'मसाला किंग' धनंजय दातार आठवतात. त्यांच्या वडिलांनी हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दुबई गाठली, तिथे लहानसं किराणा दुकान टाकलं आणि १९८४ साली धनंजय दातार त्यांच्या मदतीला गेले. त्याच दुकानातून पुढे 'अल अदील'ची दुकानं वाढली. त्या काळी तिथल्या कंपनी कायद्यानुसार मुक्त क्षेत्राबाहेरच्या कंपनीत ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा लागे. परदेशी माणसाने पैसा घालायचा, घाम गाळायचा आणि कागदावर मात्र मोठा भागीदार दुसराच. त्यामुळे सगळा डोलारा माणसाच्या शब्दावर उभा असायचा.

ही सक्ती १ जून २०२१ पासून बहुतेक व्यापारी व औद्योगिक व्यवसायांसाठी उठली. संरक्षणासारखी काही मोजकी क्षेत्रं सोडली तर परदेशी माणूस १०० टक्के मालक होऊ शकतो. पण एजंट अजूनही 'स्थानिक भागीदार लागतोच, वर्षाला एवढे द्यावे लागतील' असं सांगून पैसे काढतात. कायदा बदलल्याची बातमी आपल्या गावात पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ अशा लोकांचा धंदा चालतो.

इतर देश थोडक्यात

सगळेच एजंट चोर नसतात, हे सिंगापूरच्या उदाहरणावरून सांगता येईल. तिथे परदेशी माणसाला कंपनी काढताना नोंदणीकृत सेवा संस्थेमार्फतच जावं लागतं आणि एक तरी संचालक तिथला रहिवासी असावा लागतो. म्हणजे मध्यस्थ कायद्यानेच लागतो. पण सरकारी नोंदणीची फी ३१५ सिंगापूर डॉलर ही जाहीर आहे. मध्यस्थाचं बिल किती आणि सरकारी फी किती, हे वेगवेगळं लिहून मागा. प्रामाणिक माणूस देतो.

अमेरिकेत कंपनीला लागणारा करदाता ओळख क्रमांक तिथलं महसूल खातं फुकट देतं. त्यासाठी शेकडो डॉलर मागणारे भरपूर आहेत. एस्टोनियाचं ई-रेसिडेन्सी २०१४ च्या अखेरीस सुरू झालं. ती एक डिजिटल ओळख आहे. तिच्यावर युरोपात राहता येत नाही, तो व्हिसाही नाही. 'युरोपची रेसिडेन्सी' म्हणून कुणी विकत असेल तर शब्दाचा खेळ चाललाय एवढं ओळखा.

ब्रिटनचा किस्सा मात्र वर्गात सांगाच. तिथलं कंपनी निबंधक कार्यालय अनेक वर्षं आलेली माहिती तपासत नसे, जशी आली तशी नोंदवत असे. ही त्रुटी दाखवण्यासाठी कंपन्या नोंदवून देणाऱ्या एका व्यावसायिकाने २०१३ मध्ये चक्क त्या वेळचे व्यवसायमंत्री व्हिन्स केबल यांच्याच नावाने एक कंपनी काढली आणि तसं त्यांना कळवलंही. पुढे २०१८ मध्ये खोटी माहिती दिल्याबद्दल दंड कोणाला झाला? त्यालाच, खर्चासह १२ हजार पौंडांहून अधिक! संचालकांची ओळख तपासण्याची सक्ती तिथे १८ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सांगायचा मुद्दा असा, की लंडनची नोंदणीकृत कंपनी असणं याचा अर्थ तिच्या मागे खरा माणूस आहे असा होत नाही. दुबईतही खरा परवाना, खरं ऑफिस आणि पुढच्या तारखेचे चेक दाखवून माल उधार घेणाऱ्या आणि एका रात्रीत गायब होणाऱ्या कंपन्यांच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांनी पुन्हा पुन्हा दिल्या आहेत.

आपल्याकडचं पाचवं दार

याचा उल्लेख जाहिरातीत कधीच नसतो. भारतातून पैसा बाहेर नेताना परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ लागतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येक रहिवाशाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणजे मर्यादा आपल्यासाठी भरपूर आहे, अडचण ती नाही. पण परदेशी कंपनीत भांडवल घालायचं असेल तर २२ ऑगस्ट २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत ठरावीक अर्ज भरून त्या गुंतवणुकीचा एक स्वतंत्र क्रमांक पैसे पाठवण्याआधी घ्यावा लागतो. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यायचा, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल.

एजंट म्हणतो, "कशाला एवढी कटकट? शिक्षणासाठी पाठवतोय असं लिहा." किंवा, "इथे रोख द्या, तिथे दिरहम मिळतील." पहिली गोष्ट खोटा हेतू सांगणं, दुसरी हवाला. दोन्हींत सापडणार पाठवणारा. कायद्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत आहे.

आणखी एक हिशेब गणिताच्या तासाला घेण्यासारखा. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर पैसे पाठवले तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. समजा १५ लाख पाठवले. वरचे ५ लाख, त्याचे २० टक्के म्हणजे १ लाख. हा लाख बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. घरात मोजून पंधराच लाख असतील तर कंपनी सुरू व्हायच्या आधीच ओढाताण. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची वेगळी अनुसूची असते, तीही भरायची. न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. २०२४ पासून स्थावर सोडून २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण माहिती लिहिण्यातून सूट नाही.

सही कशावर करतोय?

दख्खनचे दंगे आपण इतिहासात शिकवतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जाचे रोखे, दस्तऐवज जाळले. बहुतेकांच्या निशाण्या असलेले, पण त्यांना वाचता न आलेले ते कागद होते. नंतर आलेल्या १८७९ च्या कायद्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करायची सोय झाली, ती त्यासाठीच. आता दीडशे वर्षांनी पदवीधर मुलगा मोबाइलवर आलेल्या अरबी करारावर बोटाने सही करतो, तेव्हा त्याच्यात आणि सुप्याच्या शेतकऱ्यात फरक काय? अमिरातीच्या सर्वसाधारण न्यायालयांत अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. शेजारच्या इंग्रजी रकान्यात काय लिहिलंय त्याने फरक पडत नाही. प्रमाणित भाषांतर करून घ्यायला काही हजार लागतात, ते वाचवायचे नसतात. मुखत्यारपत्र तर सरसकट कधीच द्यायचं नाही. कोणत्या एका कामासाठी आणि किती दिवसांसाठी, हे त्यात असलंच पाहिजे.

मुलींच्या आणि मुलांच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. 'आमच्या परदेशी कंपनीला भारतात संचालक हवाय, काम काही नाही, महिन्याला पगार, फक्त आधार-पॅन आणि सही द्या,' असा प्रस्ताव कॉलेजच्या मुलांपर्यंत येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये गंभीर फसवणूक तपास कार्यालयाने अशाच नामधारी संचालकांच्या आधारे बनावट कंपन्या उभ्या केल्याच्या प्रकरणात अटक केली होती. त्या कंपन्यांचे धागे चीनशी जोडलेले होते. संचालक म्हणजे जबाबदार माणूस, हे आपण अकरावीत शिकवतोच.

पैसे गेले असतील तर

लाज बाळगून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पैसे मधल्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. मोठी रक्कम असेल तर प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका, व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. एजंटने पैसे भारतात, बिल देऊन घेतले असतील तर ग्राहक आयोगाचं दारही उघडं असतं. बिल नसेल तर सगळंच कठीण होतं. म्हणून बिलाचा आग्रह पहिल्या रुपयापासून धरायचा.

वर्गात घेण्याचे दोन उपक्रम

पहिला उपक्रम आठवीपासून पुढे कोणालाही चालेल. मुलांना घरून दुकानांची जीएसटी बिलं आणायला सांगा. बिलावरचा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं मालकाचा किंवा कंपनीचा पॅन. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं नाव आणि नोंदणी चालू का बंद, ते दिसतं. वीस मिनिटांत सगळा वर्ग शोधायला शिकतो. एखादं बिल खोटं निघालं तर दुकानदाराचं नाव फळ्यावर लिहू नका, एवढं सांभाळा.

दुसरा बारावी वाणिज्यसाठी. खालची जाहिरात मी नमुना म्हणून लिहिली आहे, ती फळ्यावर लिहा :

'१५ दिवसांत दुबईत कंपनी. १०० टक्के व्हिसा. बँक खात्याची हमी. शून्य कर. स्थानिक भागीदाराची सोय आमच्याकडे. आज रात्री १२ पर्यंत बुकिंग केल्यास ५० टक्के सूट. रक्कम आमच्या प्रतिनिधीच्या खात्यावर.'

मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एकेक वाक्य घ्यायचं आणि तीन गोष्टी शोधायच्या : हा निर्णय कोणत्या कार्यालयाच्या हातात आहे, त्या कार्यालयाच्या पानावर काय लिहिलंय, आणि जाहिरात देणाऱ्याला हे वचन देण्याचा अधिकार आहे का. शेवटचं वाक्य ज्या गटाकडे येईल त्याला एक जादा प्रश्न द्या : प्रतिनिधीच्या खात्यावर भरलेल्या रकमेची पावती कंपनीने नाकारली, तर ग्राहक आयोगापुढे तुम्ही कोणता कागद ठेवाल?